बेपत्ता आणि अनोळखी, दोन्ही याद्या शेजारी-शेजारी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्षानुवर्षे न उलगडलेल्या बेपत्ता माणसांच्या कहाण्या रविवारच्या पुरवण्यांत आवडीने वाचल्या जातात. माणूस दूध आणायला बाहेर पडला आणि धरणीने गिळावा तसा नाहीसा झाला, असे त्यांचे ठरलेले वळण असते. आमचे म्हणणे असे की, यांतल्या कितीतरी गूढांच्या मुळाशी कट नसतो, चमत्कार तर नसतोच. हा माणूस एका पोलीस ठाण्याच्या मिसिंग रजिस्टरमध्ये नाव-गाव-पत्त्यासह असतो आणि दुसऱ्या ठाण्याच्या अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरमध्ये ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४५’ म्हणून असतो. दोन्ही नोंदी खऱ्या असतात, वेळेवर झालेल्या असतात. त्या समोरासमोर ठेवून वाचायचे काम मात्र बहुधा राहून जाते.

पुण्याचाच नकाशा घ्या. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड (१५ ऑगस्ट २०१८ पासून वेगळे आयुक्तालय), पुणे ग्रामीण आणि लोहमार्ग पोलीस, अशा चार हद्दी एकमेकींना खेटून आहेत. सिंहगड रस्त्याला राहणारा कोणी खडकवासल्याच्या उजव्या कालव्यात पडला, तर तो कालवा शहर ओलांडून हडपसर, लोणी काळभोर, यवत, दौंड असा पार इंदापूरकडे जातो. लांबी सुमारे २०० किलोमीटर. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, चालू असले की पाण्याला ओढ असते. बुडालेले शरीर आधी तळाशी जाते, कुजण्यातून वायू तयार झाले की वर येते. उन्हाळ्यात लवकर, थंडीत त्याहून उशिरा. तोवर ते कुठल्या कुठे गेलेले असते. कधी ते मोरीत अडकते आणि आवर्तन बंद झाल्यावरच दिसते. मिसिंग दाखल शहरात, मृतदेह ग्रामीण हद्दीत, मध्ये दोन-तीन आठवडे. मुठेत पडलेल्याचेही तेच: मुळा-मुठा, पुढे भीमा, त्यापुढे उजनीचा फुगवटा. रेल्वेतून पडलेल्याची नोंद लोहमार्ग पोलिसांकडे होते आणि घरचे लोक आपल्या पेठेतल्या चौकीत रोज फेऱ्या मारत राहतात.

देशपातळीवर सीसीटीएनएस हे पोलीस ठाण्यांच्या नोंदी जोडणारे संगणकजाळे आहे, तिथे बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह शोधायची सोय आहे, हे खरे. पण शोध कसा घ्यावा हे कोणी सांगत नाही. नावाने शोधून उपयोग नाही, कारण पलीकडच्या नोंदीला नावच नसते. वय ५२ असेल तर ५० ते ५५ एवढाच पट्टा घेऊ नये. पंचवीस वर्षांपुढच्या माणसाच्या मृतदेहाचे वय नुसत्या पाहण्यावरून ठरवताना दहा वर्षांची चूक सहज होते. मागे-पुढे दहा-दहा वर्षे धरावीत. कपड्यांच्या रंगावर गाळणी लावू नये. चिखलपाण्यात निळा शर्ट करडा होतो आणि पंचनामा लिहिणारा त्याला राखाडी म्हणतो. चप्पल-बूट पाण्यात निघून जातात. ‘मिळाल्याची तारीख’ ही मृत्यूची तारीख नसते, म्हणून बेपत्ता झाल्यापासून पुढचे निदान वर्षभर पाहावे. जिल्हा एकच निवडू नये. पुण्याच्या माणसासाठी सोलापूर, सातारा, अहिल्यानगर (पूर्वीचे नगर), रायगड, ठाणे आणि मुंबई लोहमार्ग एवढे तरी पाहिलेच पाहिजे.

आता खरे दुखणे. वर्तमानपत्रात येणारे वर्णन वाचकांना पाठ झालेले आहे: ‘रंग गव्हाळ, बांधा मध्यम, चेहरा उभट, उंची पाच फूट पाच इंच, केस काळे, अंगात पांढरा शर्ट व काळी पँट.’ लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी उभे राहावे, या वर्णनाची माणसे दर मिनिटाला जातील. आठवडाभर पाण्यात राहिलेल्या शरीराला तर रंग, बांधा आणि चेहरा यांतले काहीच उरत नाही. जे टिकते ते या वर्णनात नसते.

पुण्याला या विषयाचा धडा अडीचशे वर्षांपूर्वीच मिळाला आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. लढाई पाहिलेल्या काशीराज पंडिताच्या वृत्तांतात शिर नसलेल्या देहाची ओळख कशी पटवली ते दिले आहे: मांडीवरचा काळा डाग, पाठीवर जुन्या कट्यारीच्या जखमेचा वण आणि पायावरच्या शुभ मानलेल्या रेषा. तीन खुणा, तिन्ही नेमक्या. तरीही ती खात्री पुण्यापर्यंत खात्री म्हणून पोहोचली नाही. पार्वतीबाईंनी सौभाग्यलेणे उतरवले नाही, पुढे तोतया उभा राहिला, कोकणात त्याने किल्ले घेतले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन होईपर्यंत राज्य हादरत राहिले. ओळख पटवणाऱ्याने खुणा पाहिल्या, पण पुन्हा तपासता येईल असे काही मागे राहिले नाही. आजच्या जाहिरातीत तेवढ्या खुणाही नसतात.

म्हणून घरच्यांनी मिसिंग देताना चेहऱ्यापेक्षा शरीराचा हिशेब लिहून द्यावा. मांडीत रॉड किंवा प्लेट आहे का? असल्यास रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा केसपेपरवर त्याचे स्टिकर असते. त्यावरचा लॉट क्रमांक धातूवरही बरेचदा कोरलेला असतो. कवळी, कॅप, पडलेला दात, पुढच्या दोन दातांतली फट. सिझेरियनचा, अपेंडिक्सचा, हर्नियाचा व्रण कोणत्या बाजूला. मोडून वाकडे जुळलेले बोट. श्रवणयंत्राचा क्रमांक. करदोडा, ताईत, जोडवी, शर्टाच्या कॉलरमागची शिंप्याची पट्टी. दातांचा ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) किंवा सायनसचा सीटी कधी काढला असेल तर ती फिल्म किंवा सीडी शोधून ठेवावी. कपाळाच्या हाडातल्या पोकळ्यांची नक्षी माणसागणिक वेगळी असते. फोटो देताना लग्नातला, फेटा बांधलेला देऊ नये. एक समोरून, एक बाजूने, एक उभा पूर्ण आणि एक दात दिसतील असा हसरा. हसऱ्या फोटोवरून दातांची ठेवण जुळवता येते.

गोंदणाबद्दल थोडे सविस्तर. खेड्यातून आलेल्या वयस्क बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदण असते. तरुणांच्या दंडावर टॅटू. पाण्यात शरीर राहिले की कातडीचा वरचा थर सुटतो आणि लोक समजतात की गोंदणही गेले. प्रत्यक्षात गोंदणाची शाई खालच्या थरात असते. वरचा सुटा थर ओल्या कापडाने हलकेच पुसला की ते आधीपेक्षा ठसठशीत दिसते. बोटांचेही तसेच: हाताची कातडी हातमोज्यासारखी निघून आली तरी ती फेकायची नसते. जाणकार तंत्रज्ञ ती स्वतःच्या मोजा घातलेल्या बोटावर चढवून ठसा घेतो. अँटवर्पमध्ये १९९२ साली खून झालेली एक अनोळखी स्त्री ३१ वर्षे बेनाव राहिली. २०२३ मध्ये इंटरपोलने तिच्या हातावरच्या फुलाच्या टॅटूचा फोटो प्रसिद्ध केला, तेव्हा ब्रिटनमधल्या तिच्या घरच्यांनी तो ओळखला. चेहऱ्याचा फोटो लागला नाही.

अनोळखी मृतदेह सापडला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, ससून किंवा पिंपरीच्या वायसीएमसारख्या (यशवंतराव चव्हाण स्मृती) रुग्णालयाच्या शवागारात काही दिवस वाट पाहिली जाते आणि कोणी आले नाही तर बेवारस म्हणून अंत्यविधी उरकला जातो. शवागारातल्या जागा मोजक्या, हे आम्ही समजतो. पण अंत्यविधीच्या आधी एक गोष्ट झाली नाही तर ते प्रकरण कायमचे मिटते: डीएनएसाठी नमुना. दोन न किडलेल्या, न भरलेल्या दाढा किंवा मांडीच्या हाडाचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा पुरे. तो स्वच्छ करून वाळवावा, कागदी पाकिटात ठेवावा, वर एडी (अकस्मात मृत्यू) क्रमांक, शवविच्छेदन क्रमांक, तारीख आणि सही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला ठेवला तर बुरशी धरते. फॉर्मॅलिनमध्ये तर अजिबात बुडवू नये. त्यात डीएनएचे तुकडे होतात. ही चूक सहज होते, कारण शवविच्छेदनाच्या टेबलावर इतर अवयव जपायला फॉर्मॅलिनची बरणी हाताशीच असते. वाळलेल्या दाढेला शीतपेटी लागत नाही. एका कपाटात शेकडो पाकिटे मावतात.

हे किती मोलाचे ठरते? ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या सॉमरटन किनाऱ्यावर १ डिसेंबर १९४८ ला एका अनोळखी माणसाचा मृतदेह मिळाला. खिशात ‘तमाम शुद’ (फारसीत ‘संपले’) छापलेला कागदाचा कपटा होता. हेरगिरीपासून प्रेमभंगापर्यंत सगळे तर्क झाले. २०२२ मध्ये प्राध्यापक डेरेक ॲबट यांनी वंशावळ शोधणाऱ्या तज्ज्ञांच्या मदतीने तो मेलबर्नचा विद्युत अभियंता कार्ल वेब असल्याचे सांगितले. आधार कशाचा, तर त्या काळी पोलिसांनी बनवून ठेवलेल्या चेहऱ्याच्या प्लॅस्टरच्या साच्यात अडकलेल्या केसांचा. पोलिसांनी २०२१ मध्ये थडगेही उकरले, कारण थडगे कोणते ते माहीत होते. आपल्याकडे दहन झाल्यावर साचाही नसतो आणि थडगेही.

दुसरे टोक कुटुंबाचे. पाकिटातली दाढ एकटी बोलत नाही, तिला जुळवायला रक्ताच्या नात्याचा नमुना हवा. सर्वांत उपयोगी आई-वडील आणि मुले. आई नसेल तर सख्खे बहीण-भाऊ किंवा बहिणीची मुले, कारण मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून जसाच्या तसा उतरतो; पुरुषाच्या बाबतीत वडील, भाऊ, पुतण्या यांचा वाय-गुणसूत्राचा दुवा चालतो. आईचे वय सत्तरीपुढे असेल तर तिचा नमुना आज घेतला पाहिजे, ती गेल्यावर नाही. बेपत्ता माणसाचा दाढीचा ब्रश, रेझर, टूथब्रश, न धुतलेला कंगवा कागदी पाकिटात वेगवेगळा ठेवावा. घर आवरताना हे पहिल्यांदा फेकले जाते. पूर्वी कर्करोगाची किंवा गाठीची बायोप्सी झाली असेल तर पॅथॉलॉजीकडचा, तपासणीचा तुकडा जपलेला मेणाचा ठोकळा मागून पाहावा. आणि ज्या घरांत बाळाची वाळलेली नाळ डबीत जपलेली असते, तिथे ती डबी कपाटाच्या तळातून वर काढावी. तिच्यातून डीएनए मिळू शकतो. जावळाच्या कापलेल्या केसांना मूळ नसते, त्यातून मिळाला तर बहुधा आईकडचा दुवा तेवढा मिळतो.

गणेशखिंडीला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, तंत्र आहे, माणसे आहेत. नाही तो कायद्याचा आधार. बेपत्ता आणि अनोळखी मृत यांच्या डीएनएच्या वेगळ्या सूची ठेवण्याची तरतूद असलेले विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेतले गेले. त्याला झालेला विरोध निष्कारण नव्हता: गुन्हेगार, आरोपी आणि बेपत्ता यांची माहिती एकाच पेढीत ठेवू नये, हे आम्हालाही पटते. मग बेपत्तांपुरता छोटा, स्वतंत्र कायदा करा. घरच्यांनी स्वेच्छेने दिलेला नमुना फक्त अनोळखी मृतांशी ताडला जाईल आणि माणूस सापडताच नष्ट होईल, एवढे लिहिले तरी पुरे. आधारच्या ठशांनी हे काम होईल अशी अनेकांची समजूत आहे. आधार कायदा मूळ बायोमेट्रिक माहिती इतरांना द्यायला मनाई करतो, त्यामुळे मृतदेहाच्या बाबतीत ती वाट बंद आहे. जिवंतांसाठी मात्र ती लाभली आहे. निवारागृहातल्या मुलाची नवी आधार नोंदणी करताना जुनी नोंद निघाली आणि घर सापडले, असे नागपुरात एकाहून अधिक वेळा घडले आहे. निवारागृहे आणि मनोरुग्णालयांत ही नोंदणी टाळू नये.

पहिल्या दिवसांबद्दल थोडक्यात. चोवीस तास थांबा, असा कोणताही नियम नाही. बेपत्ता १८ वर्षांखालील असेल तर नुसती मिसिंग पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार अपहरणाचा गुन्हा नोंदवला पाहिजे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७(२) खाली येतो, आणि चार महिन्यांत मूल मिळाले नाही तर तपास मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे जातो. ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि त्या दिवशी लेखी विचारावे. सीसीटीव्हीचे चित्रण हार्डडिस्क भरली की आपोआप पुसले जाते, सोसायट्यांत साधारण १५ ते ३० दिवसांत, दुकानांत त्याआधीही. पोलीस पोहोचेपर्यंत सोसायटीच्या अध्यक्षांना लेखी पत्र देऊन ते जतन करायला सांगावे. मोबाइलने पडद्याचे चित्रीकरण करून भागत नाही, मूळ फाइलच उतरवून घ्यावी आणि डीव्हीआरचे (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटे मागे-पुढे आहे ते तिथेच टिपून ठेवावे. अकरा मिनिटांच्या फरकाने माणूस चुकीच्या बसमध्ये चढलेला दिसतो आणि तपास चुकीच्या डेपोत जातो.

बेपत्ता माणसाचा मोबाइल क्रमांक मरू देऊ नये. ९० दिवस वापर नसला तर प्रीपेड क्रमांक बंद होऊन पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. खात्यात शिल्लक ठेवावी. घरचा जुना क्रमांक तर मुळीच बदलू नये, स्मृती हरवलेल्या माणसाला बहुधा तोच एक आठवतो. व्हॉट्सॲपवर फिरवायच्या संदेशात स्वतःचा नंबर न देता ठाण्याचा नंबर, मिसिंग क्रमांक आणि तारीख द्यावी. नाहीतर ‘तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, गाडीभाडे पाठवा’ असे फोन सुरू होतात. माणूस सापडला की तेही तितक्याच जोरात कळवावे. सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीने गेला असेल आणि त्याला पत्ता कळू द्यायचा नसेल, तर पोलीस जबाब घेऊन मिसिंग बंद करतात आणि पत्ता देत नाहीत. घरच्यांना हे फार लागते, पण तो त्याचा हक्क आहे.

जिवंत असून बेपत्ता राहणारे पुष्कळ आहेत. वारीत चुकलेली म्हातारी, विसरभोळेपणा जडलेले आजोबा, मानसिक आजारात घर सोडलेला तरुण. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चे कलम १०० सांगते की, रस्त्यावर भटकणारा असा रुग्ण आढळला तर त्याच्या नावे मिसिंगची नोंद करावी आणि त्याचे घर शोधणे हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. म्हणजे ‘सापडलेला’ माणूसही रजिस्टरवर यायला हवा. येरवड्याच्या मनोरुग्णालयात किंवा भिक्षेकरी गृहात कोणी दाखल झाला की ही नोंद झाली का, हे तिथल्या समाजसेवा अधीक्षकांकडे विचारता येते. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने अशांना उपचार करून थेट गावी पोहोचवायची रीत घालून दिली, त्याबद्दल डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे पहिला धागा बहुतेकदा रुग्णाच्या बोलीचा असतो: कोणत्या तालुक्याचा हेल आहे ते ओळखून गाव गाठायचे.

चुकीची ओळख हा सर्वांत वाईट प्रकार. फुगलेला चेहरा आणि साधारण जुळणारा शर्ट पाहून थकलेले कुटुंब ‘हो, हेच’ म्हणते, अंत्यविधी होतो आणि सहा महिन्यांनी आपला माणूस दारात उभा राहतो. त्याच्या घरी आनंद. पण ज्याला अग्नी दिला तो कोण? त्याची नोंद ‘ओळख पटली’ म्हणून बंद झालेली असते, नमुना घेतलेला नसतो आणि त्याच्या घरी अजून वाट पाहणे चालू असते. चेहऱ्यावरून पटलेली प्रत्येक ओळख निदान एका पक्क्या खुणेने ताडल्याशिवाय देह देऊ नये आणि दिला तरी दाढ राखून ठेवावी.

सात वर्षांचे काय, हेही अनेक जण विचारतात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ प्रमाणे सात वर्षे ज्याचा काहीच ठावठिकाणा नाही, तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. पण हे आपोआप होत नाही. दिवाणी न्यायालयात दावा लावून घोषणा मिळवावी लागते आणि त्यासाठी पोलिसांचा ‘शोध लागत नाही’ असा दाखला हवा. कायदा मृत्यूचे गृहीतक देतो, तारीख देत नाही. इथेच विम्याचे पैसे बुडतात. एलआयसी विरुद्ध अनुराधा या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, माणूस बेपत्ता झाला त्याच दिवशी वारला असे धरता येणार नाही. म्हणून मधल्या काळात हप्ते थांबवू नयेत, पॉलिसी रद्द होते. बँकेतल्या छोट्या रकमांसाठी मात्र न्यायालयात जावेच लागते असे नाही. पोलिसांची नोंद, शोध न लागल्याचा दाखला आणि हमीपत्र यांवर ठरावीक मर्यादेपर्यंत दावा निकाली काढा, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना कळवले होते. शाखेत हे माहीत नसते. रिझर्व्ह बँकेच्या चालू निर्देशांची प्रत घेऊन जावे.

आता आपल्याकडे मागणे. आपल्या वर्तमानपत्रात बेपत्तांची निवेदने एका पानावर, अनोळखी मृतदेहांची दुसऱ्या पानावर, वेगवेगळ्या दिवशी येतात. आठवड्यातून एकदा पुणे परिसराच्या चारही हद्दींतल्या गेल्या तीन महिन्यांच्या दोन्ही याद्या एकाच पानावर, शेजारी-शेजारी छापा. मृताच्या चेहऱ्याचा फोटो नको. गोंदण, दागिना, शिंप्याची पट्टी, कवळी यांचा द्या. खाली ‘सापडले’ अशी तिसरी छोटी यादी द्या, म्हणजे जुने फोटो फिरणे थांबेल. दोन्ही याद्या रोज समोरासमोर ठेवून वाचणारे यंत्रणेत फार थोडे असतील. वाचक मात्र लाखो आहेत आणि कवळी बसवणारा दंतवैद्य, रॉड घालणारा सर्जन, कॉलर शिवणारा शिंपी त्यांच्यातच आहे. आपल्या जाहिरात विभागाला देता येईल असा एका पानाचा नमुना अर्ज सोबत जोडला आहे. त्यात रंग आणि बांधा हे रकाने ठेवलेले नाहीत. त्या जागी दात, व्रण, गोंदण, शरीरातला धातू आणि नात्यातल्या कोणाचा डीएनए नमुना उपलब्ध आहे, असे पाच रकाने आहेत.

आपले,
बेपत्तांच्या कुटुंबांना कागदपत्रांच्या कामात साहाय्य करणारे काही नागरिक
सदाशिव पेठ, पुणे